२४ घोडे आणि फणसाचा ओंडका

छोटा ट्रॅक्टर घेतला असं कुणाला सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, किती एचपीचा? आणि २४ म्हटलं की समोरचा माणूस जरा नाराजच होतो, जणू पैसे त्याच्या खिशातून गेलेत. डिचोलीहून आत आमच्या गावात दादाची, म्हणजे माझ्या चुलतभावाची, घरामागे लाकूड कापायची छोटी मिल आहे. तिथे येणारा प्रत्येक जण आधी ट्रॅक्टरकडे बघतो, मग आवारात पडलेल्या ओंडक्यांकडे बघतो आणि मग दादाला विचारतो, ह्याने उचलतोस तू हे सगळं? दादा म्हणतो, "उचलतो कोण?" लोकांना वाटतं थट्टा चाललीय.

मी पणजीत ऑफिसात बसून काम करणारा माणूस, पण सुट्टी मिळाली की गावी पळतो आणि तिथे गेलो की माझी ड्यूटी दोरी धरायची. एवढी वर्षं दोरी धरून माझं एक मत पक्कं झालंय, ते असं की लाकूड कापणं हा या धंद्यातला सोपा भाग आहे. ब्लेडला धार असली, ताण बरोबर असला की कापायचं काम मशीन करतं, आपण फक्त फळ्या उचलून बाजूला ठेवायच्या. अवघड आहे तो ओंडका जमिनीवरून मशीनच्या पाटावर आणणं. दीड-दोन फुटांचं अंतर असतं ते, पण अख्खा दिवस त्यातच जातो, हातपाय मोडतात ते पण त्यातच.

आधी एक सांगून टाकतो, नाहीतर कुणीतरी वाचून उद्या मशीन मागवायचा. भारतात घरामागे सॉ मिल टाकणं म्हणजे पिठाची गिरण टाकणं नव्हे. सुप्रीम कोर्टात जंगलतोडीबद्दलचा गोदावर्मन खटला चालला, त्यात १९९६ च्या डिसेंबरात मोठा आदेश आला आणि तेव्हापासून देशभरातल्या सॉ मिलींवर नजर कडक झाली, पुढे २००२ मध्ये तर परवानगीशिवाय नवी मिल काढूच नका असंच सांगितलं. आमचं लायसन्स काकांच्या काळातलं आहे, दरवर्षीच्या कागदपत्रांसकट जपलेलं, काकू देवघरातल्या कपाटात ठेवते ते. शिवाय गोव्यात आपल्याच भाटातलं, म्हणजे बागायतीतलं, आपलंच झाड पाडायचं तरी १९८४ च्या झाडांच्या कायद्याखाली परवानगी लागते. माड हे झाड आहे की नाही यावरसुद्धा इथे २०१६ मध्ये कायदा बदलला आणि आरडाओरडा झाल्यावर २०१७ मध्ये माड परत झाड झाला. तर ते असो.

काकांच्या वेळी जी मिल होती ती जुन्या पद्धतीची, उभं मोठं बँड सॉ, समोर रुळांवर ट्रॉली, ट्रॉलीवर ओंडका आणि दोन माणसं ती ट्रॉली ब्लेडकडे ढकलणार. ट्रॉली जमिनीलगत होती. दादाने रीतसर कागद करून आता तिथे आडवं छोटं मशीन बसवलंय, ह्यात उलटा कारभार असतो, ओंडका गप्प पडून राहतो आणि ब्लेडचं डोकं रुळांवरून त्याच्या अंगावरून जातं. ब्लेड अरुंद, जेमतेम सव्वा इंच रुंदीचं पट्टीसारखं, दोन चाकांवर फिरणारं, कापताना भुशात जाणारं लाकूड फार कमी, गोल करवतीच्या निम्म्यापेक्षाही कमी असेल. अमेरिकेत हे मशीन लोक घरीसुद्धा वापरतात, वुड-मायझर नावाची तिथली कंपनी १९८२ पासून हेच बनवते. त्यांचे व्हिडिओ आम्ही रात्री जेवण झाल्यावर बघत बसतो. त्यात एक म्हातारा एकटाच असतो, त्याच्याकडे पुढे लोडर, म्हणजे वजन उचलायचे हात, लावलेला ट्रॅक्टर, लोडरला दोन काटे, तो जातो, ओंडक्याखाली काटे घालतो, उचलतो, आणतो, मशीनवर ठेवतो, खाली उतरून कॉफी पितो. वहिनी म्हणाली, "ह्याला घरात कोण नाही का मदतीला?"

आमच्या ट्रॅक्टरला लोडर नाही. कुळागरात सुपारीच्या ओळींमधून फिरता यावं, काजूच्या डोंगरावर पॉवर टिलरपेक्षा जरा बरं काहीतरी असावं म्हणून घेतलेला तो, फोर व्हील ड्राइव्ह, मागे हायड्रॉलिक. या साइझच्या ट्रॅक्टरांच्या कागदावर मागच्या लिफ्टची ताकद साधारण ७५० किलो लिहिलेली असते. हे ७५० किलो वाचून भल्याभल्यांची फसगत होते. ते वजन लिफ्टच्या दोन दांड्यांच्या टोकाला मोजलेलं असतं, अगदी टोकाला. ओंडका लांबलचक, त्याचं वजन टोकापासून आणखी तीन-चार फूट मागे, मग लिफ्टवर जोर कितीतरी जास्त येतो, आणि लिफ्टने समजा उचललंच तर पुढची चाकं हवेत, म्हणजे मागच्या सीटवर तांदळाचं पोतं टाकलेली लुना चढावावर जशी वागते तसं होतं. स्टिअरिंग फिरवतोय पण ट्रॅक्टर आपल्या मनाने चाललाय.

आता वजनाचं. १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ आलं तेव्हा आमच्या भागात किती झाडं पडली त्याला हिशेब नाही, विजेचे खांब पडले, लाइट गेली, रस्ते बंद. आमच्या खळ्यामागचा जुना फणस मुळासकट आडवा झाला. आजोबांच्याही आधीचा. त्याचे फणस बरके, कुणाला फार आवडायचे नाहीत, पण झाड म्हणून त्याचा दरारा होता. पंचनामा, फोटो, अर्ज वगैरे होऊन तो कापायला मोकळा झाला तोवर पाऊस सुरू झालेला. फणसाचं एक बरं, चांगलं पिकलेलं लाकूड सहजासहजी कुजत नाही, आतला पिवळा गाभा वाळवीलाही बऱ्यापैकी दाद देत नाही. आंबा असता तर पावसाळ्यात बुरशीने निळा-काळा पडला असता आणि भुंग्यांनी पोखरला असता. फणसाचे तुकडे केले, खाली दोन आडवे वासे देऊन जमिनीपासून वर ठेवले, टोकांना जुना ऑइल पेंट फासला म्हणजे टोकं पटकन सुकून तडकत नाहीत, आणि पाऊस जायची वाट बघितली.

त्यातला बुंध्याचा तुकडा होता तो ६ फूट घेराचा आणि १० फूट लांब. काकांनी दोरी काढली. लाकूड मोजायची त्यांची रीत अशी, ओंडक्याच्या मध्यावर दोरी गुंडाळून घेर घ्यायचा, ती दोरी चार पदरी दुमडायची, जी लांबी येईल तिला तिनेच गुणायचं आणि मग ओंडक्याच्या लांबीने गुणायचं. ६ फुटांचा चौथा भाग दीड फूट, दीड गुणिले दीड सव्वादोन, गुणिले १०, साडेबावीस घनफूट. वखारीत, लिलावात, सगळीकडे हाच हिशेब चालतो. मी कॉलेजात शिकलेला शहाणा, मी वर्तुळाचं क्षेत्रफळ काढून साडेअठ्ठावीसच्या वर घनफूट काढले आणि म्हटलं काका, तुमच्या रीतीने गिऱ्हाइकाला दर शंभरातले एकवीस-बावीस फुकट जातात. काका म्हणाले, "फुकट कशाला? साल, बाजूची गोलाई आणि भुसा तुझा बाप विकत घेणार काय?" बरोबर आहे त्यांचं, चौकोनी फळी काढायची तर गोलाईचं लाकूड जाणारच, हिशेबातच ते आधी सोडून दिलेलं असतं. पण वजन उचलायची वेळ येते तेव्हा मात्र सालीसकट, गोलाईसकट, सगळ्याचं वजन असतं. तिथे माझा हिशेब धरायचा. साडेअठ्ठावीस घनफूट म्हणजे ०.८१ घनमीटर, ओल्या लाकडाला घनमीटरला ९०० किलो धरले तर ७३० किलोच्या आसपास. कागदावरच्या ७५० च्या आत! शेजारचा पोरगा म्हणाला, मग काय, उचला की.

दादाने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

घेराबद्दल अजून एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. जाडी दीडपट झाली की वजन सव्वादोन पट होतं. दीड फूट जाडीचा ओंडका दोन माणसं पहारीने ढकलतात म्हणून सव्वादोन फुटांचा तीन माणसं ढकलतील असं वाटतं, आणि मग तिथेच सगळे अडकून बसतात. ट्रॅक्टरचं पण तसंच, एका ओंडक्याला खेळण्यासारखं वागवणारा तोच ट्रॅक्टर पुढच्या ओंडक्याला नुसता जागच्या जागी चाकं फिरवतो.

काका सांगतात, मिल यायच्या आधी त्यांच्या लहानपणी करवतवाले यायचे घाटावरून, जोडीने. ते ओंडका उचलायच्या भानगडीतच पडायचे नाहीत. ओंडक्याच्या बाजूला माणूसभर खोल लांबट खड्डा खणायचा, खड्ड्यावर दोन आडवे वासे टाकायचे आणि ओंडका नुसता लोळवत त्यावर आणायचा. एक माणूस वर उभा, एक खड्ड्यात, मोठी करवत दोघांमध्ये. खालच्याच्या डोळ्यांत भुसा जायचा म्हणून तो डोक्याला कापड बांधून कपाळावर ओढून घ्यायचा, आणि काका म्हणतात खालच्याला मजुरी थोडी जास्त द्यावी असं त्यांच्या वडिलांचं मत होतं पण ते दोघे आपसात काय वाटून घ्यायचे देव जाणे. मला ह्यात सगळ्यात आवडलेली गोष्ट खड्डा. ओंडका वर चढवता येत नाही ना, मग माणसाने खाली उतरावं. उंचीच काढून टाकली त्यांनी. आम्ही ट्रॅक्टर, साखळ्या, कप्पी एवढं सगळं जमवून जे करतो ते तेच आहे, उंची जितकी कमी करता येईल तितकी करायची आणि उरलेल्या उंचीवर लोळवत न्यायचं.

मिलच्या जागेची त्यामुळे मला गंमत वाटते. कुणी नवीन माणूस असता तर त्याने सपाट जागा शोधली असती. आमची मिल उतारावर आहे, वरच्या बाजूने गाडीवाट, मध्ये चिऱ्यांची भिंत बांधून आत माती-मुरूम भरून केलेला धक्का, आणि धक्क्याच्या खाली मशीन. ओंडके वरून येतात, धक्क्यावर थांबतात, मशीनवर जातात, फळ्या होऊन खाली कुळागराच्या बाजूला शेडमध्ये जातात. सगळा प्रवास खालच्या दिशेने. हे काकांनी ट्रॅक्टर वगैरे काही नसताना ठरवलं होतं, बैलांच्या जिवावर.

ओंडका धक्क्यापर्यंत आणायचा तोसुद्धा उचलून नाही. फक्त नाक उचलायचं. मागच्या हायड्रॉलिकला दादाने डिचोलीच्या वेल्डरकडून एक आडवी दांडी करून घेतलीय, तिला साखळी, साखळीचा फास ओंडक्याच्या जाड टोकाला, लिफ्टने ते टोक फूटभर वर घ्यायचं आणि शेपूट जमिनीवर घासत न्यायचं. नाक वर असण्याचे दोन फायदे. एक, ओंडका दगडाला, मुळाला अडत नाही, तो अडला की ट्रॅक्टर पुढून वर उठतो. दुसरा फायदा ब्लेडचा. आमची माती तांबडी, चिऱ्याची खर असलेली, आणि फणसाच्या सालीत ती खर अशी बसते की झाडूने झाडून जात नाही. अशी साल कापायला घेतली तर नवीन ब्लेड चहा व्हायच्या आत बोथट. अख्खा ओंडका फरफटत आणला तर साल सगळीकडून खराब होते, नाक उचललं तर निदान अर्धी वाचते, उरलेली कोयत्याने तासून काढायची. हे काम मला देतात.

ट्रॅक्टरच्या मागच्या टायरांमध्ये दादाने पाणी भरून घेतलंय, तीन भाग पाणी एक भाग हवा, त्याने वजन खाली येतं आणि चाकं घसरत नाहीत. पुढे लोखंडी वजनं. आणि साखळी कितीही घाई असली तरी मागच्या अॅक्सलच्या वर कुठे बांधायची नाही, टॉप लिंकच्या, म्हणजे हायड्रॉलिकच्या वरच्या दांडीच्या, खुंटीला तर अजिबात नाही. वरून ओढलं की ट्रॅक्टर स्वतःच्याच मागच्या चाकांभोवती उलटा फिरतो आणि ड्रायव्हर खाली, ते इतक्या झटक्यात होतं की क्लच दाबायचं सुचत नाही. ट्रॅक्टर उलटून माणसं जातात ती बरीचशी अशीच, नाहीतर उतारावर आडवा घातल्यामुळे. आमच्या ट्रॅक्टरला मागे लोखंडी कमान आहे, दादा पट्टा लावतो. गावात त्याला त्यावरून चिडवतात, ट्रॅक्टरला सीट बेल्ट लावणारा म्हणून.

आता मुख्य काम, धक्क्यावरून मशीनवर. धक्का जुन्या ट्रॉलीच्या उंचीचा आहे आणि नव्या मशीनचा पाट त्याहून दीड फूट वर, ही सगळी रामायणाची सुरुवात. दीड फूट चढवायला आम्ही दोन लोखंडी चॅनल टाकतो, ६-६ फुटांचे, एक टोक धक्क्यावर एक मशीनच्या फ्रेमशेजारी चिऱ्यांच्या खांबावर. हे चॅनल खाणीवरच्या भंगारातले. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, मधे सुरू झाल्या, २०१८ मध्ये परत बंद, त्या दिवसांत आमच्या भागात ट्रक, टिपर, लोखंड, सगळं किलोवर विकलं जात होतं. कुणाकुणाचे हप्ते थकले, कुणी ट्रक सोडून काजूच्या बागेत परत गेलं, आणि आमच्या मिलला दोन चांगले चॅनल मिळाले, काय बोलणार.

तर चॅनलच्या पायथ्याशी ओंडका आडवा. दोन पट्टे घ्यायचे, क्रेनवाल्यांकडे मिळतात ते रंगीत, जांभळा १ टनाचा, हिरवा २ टनांचा, आम्ही हिरवेच वापरतो. प्रत्येक पट्ट्याचं एक टोक वरच्या बाजूला पक्क्या खांबाला बांधायचं, मशीनच्या फ्रेमला नाही, फ्रेम वाकडी झाली तर पुढची प्रत्येक फळी वाकडी. पट्टा तिथून खाली आणायचा, ओंडक्याच्या खालून घालायचा, वळसा देऊन वरून परत मशीनच्या दिशेने न्यायचा. दोन्ही पट्ट्यांची मोकळी टोकं एकत्र करून दोराला, आणि दोर ओढला की ओंडका पट्ट्यांच्या झोळीत स्वतःभोवती फिरत वर चढतो. तो स्वतःच कप्पी होतो. दोर दोन फूट ओढला की ओंडका एक फूट सरकतो, म्हणून जोर निम्माच लागतो. ७३० किलोचा ओंडका, ६ फुटांत दीड फूट चढ म्हणजे चौथा हिस्सा, १८०-१८५ किलो, त्याचा निम्मा ९० च्या थोडा वर. साल खडबडीत, गाठी असतात, म्हणून सव्वाशे धरा. सव्वाशे किलोची ओढ! हे दोन तगडी माणसं करू शकतात. मी हा हिशेब पहिल्यांदा मांडला तेव्हा मलाच पटेना, परत केला, तोच आला.

मग २४ घोडे कशाला? तर ओढायला नाही, थांबायला. माणसं ओढतात ती झटक्याने, हैसा करत, आणि प्रत्येक दोन झटक्यांच्या मध्ये ओंडका त्यांच्या हातात असतो, तेवढ्यात एकाचा पाय घसरला की संपलं. ट्रॅक्टर सगळ्यात खालच्या गिअरमध्ये, लो रेंजमध्ये टाकला की तो मुंगीच्या चालीने जातो, ओंडका त्याच्याही निम्म्याने, आणि दादाने पाय दाबला की जिथे आहे तिथे थांबतो. चढाच्या मध्यावर थांबवून पट्टा सरळ करता येतो, वहिनी चहा घेऊन आली तर तिला लांब थांब म्हणून ओरडता येतं. घोडे ३५ असते तर ह्यात काही फरक पडला नसता, उलट दोर तुटायची भीती वाढली असती, कारण मोठ्या ट्रॅक्टरला ओंडका अडलाय हे कळतच नाही, तो ओढतच राहतो. छोटा ट्रॅक्टर इंजिनच्या आवाजात लगेच सांगतो.

ट्रॅक्टर उभा कुठे करायचा ह्याला पण वेळ गेला. मशीनच्या पलीकडे पाण्याचा पाट आणि सुपारी, तिथे ट्रॅक्टर नेता येत नाही. म्हणून पलीकडे जमिनीत गाडलेल्या जाड खांबाला कप्पी, दोर कप्पीवरून काटकोनात वळून मशीनच्या टोकाजवळच्या मोकळ्या जागेत येतो आणि तिथे ट्रॅक्टर. दोर वळला की कप्पीच्या खांबावर ओढीच्या जवळजवळ दीडपट जोर येतो हे लक्षात ठेवावं लागतं, कुठलंही पोफळीचं झाड धरून चालत नाही. आणि दादा दोर पुढच्या हुकाला लावतो आणि रिव्हर्स गिअरमध्ये मागे मागे जातो. लोक म्हणतात उलटा का जातोस. अरे, तोंड ओंडक्याकडे राहतं ना! मान वळवून वळवून बघायला लागत नाही, आणि रिव्हर्समध्ये ओढताना ट्रॅक्टर पुढून उठायचा प्रश्न नाही. फोर व्हील आहे म्हणून हे जमतं, नुसती मागची चाकं चालणारा असता तर ओढीने वजन पुढे जाऊन मागची चाकं घसरली असती.

माणसं कोण कुठे हे आधी ठरतं. ओंडक्याच्या खालच्या बाजूला, म्हणजे तो सुटला तर जिकडे येईल तिकडे, कुणीही नाही, कुत्रासुद्धा नाही. दोराच्या रेषेत कुणी नाही. दोन्ही टोकांना एकेक माणूस, हातात लांब दांडीच्या पाचरी, ओंडका वीतभर वर गेला की मागून पाचर सरकवायची, हाताने नव्हे दांडीने. बोलणारा एकच, तो काका. वय झालंय, पण मशीनच्या टोकाला खुर्ची टाकून बसतात आणि "राव मरे!", म्हणजे थांब रे, एवढीच त्यांची कमांड, ती ऐकली की दादा पाय दाबतो, का म्हणून विचारत नाही. बहुतेक वेळा कारण असतं ओंडक्याचा निमुळतेपणा. बुंधा जाड, शेंडा बारीक, त्यामुळे लोळताना जाड टोक एका फेरीत जास्त अंतर कापतं, पुढे पळतं आणि ओंडका तिरका होतो. मग जाड टोकाला पाचर ठेवून अडवायचं, बारीक टोक हूकवाल्या दांड्याने पुढे घ्यायचं, परत समांतर झालं की चला. फणसाचा तो बुंधा तर एका बाजूला फुगलेला, गाठीचा, चढावर दर फेरीला त्या गाठीवर अडायचा, काकांनी शेवटी ती गाठ चेन-सॉने उडवायला लावली. दादाला ती गाठ ठेवायची होती, आत चांगली नक्षी निघते म्हणून, दोघांचं त्यावर थोडं वाजलं.

पाटावर पलीकडच्या कडेला उभे स्टॉपर असतात, लोखंडाचे. ओंडका चढावरून पाटावर आला की शेवटच्या अर्ध्या फेरीत त्याला वेग येतो आणि तो स्टॉपरवर आदळतो. म्हणून शेवटच्या फुटाला दादा दुसरा एक दोर मागून लावतो, लगामासारखा, तो धक्क्यावरच्या खुंटाला वळसे देऊन माझ्या हातात. वळसे तीन असले की माझ्यासारखा माणूसही पाऊण टन आवरतो. ही माझी दोरी. फार मानाचं काम नाही, पण दादा ते दुसऱ्या कुणाला देत नाही.

पुढे कापाकापी, त्याबद्दल फार लिहीत नाही. फणसाचा चीक ब्लेडला धरतो, डिझेलचा फडका मारत राहावं लागतं. गावातल्या झाडात खिळे असणारच, कुणी वायर ठोकलेली, कुणी निवडणुकीचा बोर्ड, कुणी झोपाळ्याचा हूक, म्हणून आधी मेटल डिटेक्टर फिरवतो. कापलेल्या तोंडावर कुठे निळा-काळा डाग दिसला की आत लोखंड आहे समजायचं. आमच्या फणसात बैलं बांधायची कडी निघाली, लाकडाने चार बोटं आत गिळलेली. फळ्या निघाल्या त्या हळदीसारख्या पिवळ्याधमक, हवा लागून हळूहळू तपकिरी होतात. वहिनीला त्यातले पाट हवेत, काकांना देवघराचं दार, आणि दादा म्हणतो इंचाला वर्षभर सुकू दे मग भांडा. मध्ये रिपा घालून शेडमध्ये रचल्यात. गोव्याच्या पावसात वर्षभर म्हणजे दीड वर्षही होतं.

लोडरचा विषय अधूनमधून निघतो. दादाने कोटेशन पण आणलं होतं, ट्रॅक्टरच्या किमतीचा चांगलाच मोठा हिस्सा जाणार होता. शिवाय एवढ्या छोट्या ट्रॅक्टरला पुढे लोडर लावला तरी तो उचलणार तीन-चारशे किलो, तेसुद्धा मागे वजन टांगून. म्हणजे बारीक ओंडके, जे आम्ही आताही हाताने लोळवतो, ते तो आरामात उचलेल, आणि ज्याच्यासाठी घ्यायचा तो बुंधा खालीच राहील. कोटेशन काकूने लायसन्सच्या कपाटात ठेवलंय.

त्याऐवजी धक्का दीड फूट वाढवायचं ठरलंय. चिऱ्यांचे दोन थर आणि वर मुरूम, म्हणजे धक्का नव्या मशीनच्या पाटाच्या बरोबरीला येतो, चॅनल आडवे पडतात, चढच राहत नाही, ट्रॅक्टरने ओंडका धक्क्यावर आणून सोडला की पुढे पहारीने लोळवायचा. वरची गाडीवाट तशीही त्याच उंचीला आहे, मोजून बघितलं. काका म्हणाले हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. सांगितलं नव्हतं, पण कोण वाद घालणार. आता चिरे येऊन पडलेत, पाऊस लागायच्या आत काम व्हायला हवं आणि गवंडी फोन उचलत नाहीये.